वरची रेघ

संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, एक अरुंद खोली आहे. उत्तरेला खिडकी, खिडकीखाली उतरतं टेबल, टेबलावर दोन दिवे. या खोलीत एका बाईंनी तेहतीस वर्षं ताऱ्यांमधलं लोखंड मोजलं. दुर्बिणीला त्यांनी कधी डोळा लावला नाही. दुर्बीण दूर एका डोंगरावर, दिवसभराच्या प्रवासाच्या अंतरावर. तिकडून यायचे ते कागद. हातभर रुंद गुंडाळीवर छापलेली एकच वेडीवाकडी रेघ, आणि त्या रेघेत जागोजागी खाली उतरलेल्या खाचा.

ताऱ्याचा प्रकाश फाकवला की त्याचा रंगीत पट्टा होतो. ताऱ्यात जी मूलद्रव्यं असतील ती या पट्ट्यातला आपापल्या जागचा प्रकाश गिळून टाकतात. कागदावर दिसते ती खाच. एकट्या लोखंडाच्या खाचा शंभराच्या वर भरतात, आणि ढोबळमानाने, खाच जितकी मोठी तितकं लोखंड जास्त. ती मोजायची म्हणजे आधी एक गोष्ट ठरवावी लागते: खाच नसती तर रेघ कुठून गेली असती? तिथून पेन्सिलीने रेघ मारायची आणि तिच्याखालचं क्षेत्रफळ काढायचं. पेन्सिलीच्या या रेघेला संस्थेत ‘वरची रेघ’ म्हणत. ती मारायचं सूत्र नव्हतं. ती डोळ्याने मारायची.

नोकरी लागली त्या वर्षी बाईंनी हे सगळं नवऱ्याला समजावून सांगितलं होतं. नवरा फरशी बसवणारे. त्यांना फार समजवावं लागलं नाही.

“म्हणजे दोरी,” ते म्हणाले. “खड्डा किती खोल आहे ते बघायला आम्ही वर दोरी ताणतो.”

“तसंच.”

“दोरी बोटभर खाली धरली की खड्डा उथळ दिसतो. नवशिके हमखास तेच करतात. मग माल कमी पडतो, तेव्हा कळतं.”

“आमच्याकडे माल नसतो. नुसता आकडा कमी येतो.”

“मग तुम्हाला कळतं कसं?”

“तपासणीचा तारा असतो,” बाई म्हणाल्या.

तपासणीचा तारा हा या खोलीचा नेम होता. संस्थेतल्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत, तो घालून दिला होता. दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी एकाच ठरावीक तेजस्वी ताऱ्याचा आलेख नव्याने छापून घ्यायचा, त्यातल्या तीन ठरलेल्या खाचा मोजायच्या आणि आकडे नोंदवहीत लिहायचे. पहिली खाच चौऱ्याऐंशी, दुसरी एकसष्ट, तिसरी सदतीस. मोजणाऱ्याचा हात किंवा डोळा बिघडला तर हे आकडे हलतील, अशी त्यामागची कल्पना. आकडे नोंदवले की कागद रद्दीत जायचा. खोली अरुंद होती.

कामाचा विषय तारकागुच्छ. एका गुच्छातले तारे एकाच ढगातून जन्मलेले असतात. एका घाण्याचं तेल. त्यातले आठ-दहा तारे मोजले की त्या ढगात काय काय होतं ते कळतं. असे गुच्छ आकाशगंगेच्या चकतीत मध्यापासून काठापर्यंत विखुरलेले आहेत. मध्याकडे ताऱ्यांच्या जास्त पिढ्या जन्मल्या आणि मेल्या, त्यांच्या राखेत लोखंड जास्त. काठाकडे कमी. हे सगळ्यांना मान्य होतं. वाद होता तो लोखंड किती झपाट्याने कमी होतं यावर. सरांचं म्हणणं, घसरगुंडीसारखं उतरतं, थेट काठापर्यंत. इतर काही जणांचं म्हणणं, काही अंतरानंतर उतार संपतो आणि सपाटी लागते. सरांनी उभी हयात या उतारावर काढली होती.

मोजणी माणसानेच करायची, आणि तीही एकाच माणसाने, हा सरांचाच आग्रह. “एक हात, एक डोळा,” ते म्हणत. त्यात तथ्य होतं. दोन माणसं दोन प्रकारे रेघ मारतात. एकच माणूस थोडी चुकीची रेघ मारत असला तरी सगळीकडे सारखीच चुकीची मारतो, त्यामुळे उताराला धक्का लागत नाही. संगणकाची यंत्रं आली, खाचा मोजणारे प्रोग्राम आले, सुधारले, इतर ठिकाणी मोजणारे घरी गेले. या खोलीतला दिवा चालू राहिला. एका ताऱ्याच्या एकशे दहा खाचा, प्रत्येक खाच तीन वेगवेगळ्या दिवशी. दिवसाला वीसेक खाचा, कधी पंचवीस.

उपाहारगृहातला माणूस बाईंना ‘लोखंडवाल्या काकू’ म्हणू लागला आणि तेच नाव चिकटलं. पुढे काकू एवढंच उरलं. घरी पाहुणे आले की काकूंना भविष्य विचारत. नणंदेने एकदा भरल्या घरात ऐकवलं होतं, “आभाळातलं लोखंड मोजतेस वहिनी, पण घरातली कढई गंजलीय.” काकूंनी ती कढई दुसऱ्या दिवशी नणंदेच्या घरी पाठवून दिली. त्यावर दोन्ही घरांत सहा महिने अबोला होता.

नोकरीला लागल्या तेव्हा काकू सत्तावीस वर्षांच्या होत्या. पहिल्या एकोणीस वर्षांत त्यांनी आतल्या बाजूचे सव्वीस गुच्छ संपवले. काठाकडचे गुच्छ फार दूरचे, मंद. त्यांच्यासाठी मोठी दुर्बीण लागणार होती, आणि ती तयार व्हायला वर्षं गेली. म्हणून ते वीस गुच्छ शेवटी आले. मंद ताऱ्याचा आलेख स्वच्छ नसतो. रेघेवर सगळीकडे केस उभे राहिल्यासारखी बारीक थरथर असते. वरची रेघ त्या केसांच्या मधोमध मारावी लागते, आणि त्यासाठी आधी केस दिसावे लागतात.

पन्नाशीच्या पुढे काकूंच्या चष्म्याचा नंबर दोन वर्षांत तीनदा बदलला. टेबलावर दुसरा दिवा आला. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू आहे, पण अजून पिकलेला नाही, थांबा. काकू थांबल्या. काम अडत नव्हतं. नोंदवहीत दर महिन्याला चौऱ्याऐंशी, एकसष्ट, सदतीस उमटत होते. परदेशातून पाहुणे आले की सर त्यांना ती नोंदवही दाखवायला घेऊन येत. एका लेखात त्यांनी तिचा तक्ताही छापला होता.

निवृत्तीला सात महिने उरले असताना दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, महिन्याच्या अंतराने. पाठोपाठ या सगळ्या मोजण्यांची संपूर्ण सूची छापायला जायची होती. सेहेचाळीस गुच्छ, आणि मुखपृष्ठावर सरांच्या नावाखाली काकूंचं नाव. मोजणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर ही त्या संस्थेत पहिलीच वेळ. शेवटच्या गुच्छातले तीन तारे तेवढे राहिले होते.

काकू कामावर परतल्या आणि त्यांनी अर्धवट राहिलेला कागद उलगडला. रेघ दाट दिसत होती, आणि तिच्या वर, जिथे कोरा कागद असायला हवा तिथे, बारीक केस उभे होते. त्यांना वाटलं छपाई यंत्र बदललं. खाली जाऊन त्यांनी छपाईवाल्याला विचारलं.

“यंत्र तेच, काकू. कागद तोच, शाई तीच,” तो म्हणाला. “तुम्हीच नवीन होऊन आलात.”

त्या वर आल्या. शस्त्रक्रियेआधी त्यांनी स्वतः मारलेली पेन्सिलीची रेघ कागदावर होतीच. ती केसांच्या मधोमध जायला हवी होती, ती त्यांच्या बुडातून जात होती. त्यांनी दहा खाचा नव्याने मोजल्या. दहाच्या दहा मोठ्या भरल्या, कुठे दहा टक्क्यांनी, कुठे पंधरा. कपाटातून त्यांनी चार वर्षांपूर्वीचा आलेख काढला. तिथेही रेघ खाली. आठ वर्षांपूर्वीचा. खाली, पण थोडी कमी. चौदा वर्षांच्या मागचे होते ते आतल्या गुच्छांचे, तेजस्वी ताऱ्यांचे, जवळजवळ केस नसलेले. तिथे नुसतं पाहून काही सांगता येत नव्हतं.

दोन दिवस त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तपासणीची वेळ होती. “हे नीट दिसेनासं कधीपासून झालं असेल?” त्यांनी विचारलं.

“जुना होता. आठ वर्षं म्हणा, पंधरा म्हणा,” डॉक्टर म्हणाले. “मोतीबिंदू तारीख टाकून येत नाही. आता दिसतंय ना? मग झालं.”

संस्थेत तीन वर्षांपूर्वी एक तरुण संशोधिका आली होती. यंत्राने खाचा मोजायचा प्रोग्राम तिने स्वतः लिहिला होता आणि सरांनी तो सूचीसाठी वापरू दिला नव्हता. काकूंचं आणि तिचं जेवण एकत्र असायचं. काकूंनी डबा उघडायच्या आधी दोन कागद तिच्यापुढे ठेवले. तिने ते पाहिले, मग काकूंकडे पाहिलं.

“किती गुच्छ असे असतील?”

“बाहेरचे सगळे, असं धरून चाल.”

“काकू, म्हणजे हा उतार…”

“आधी जेवून घे.”

आतले गुच्छ चांगल्या डोळ्याने मोजले, बाहेरचे धूसर डोळ्याने. बाहेरचं लोखंड होतं त्याहून कमी भरलं. उतार होता त्याहून तीव्र झाला. ‘एक डोळा’ या शब्दांवर सगळं उभं होतं, आणि तो डोळा तेहतीस वर्षं एकच राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी सरांच्या खोलीत गेल्या. सर सत्तरीचे. निवृत्त होऊनही त्यांची खोली त्यांच्याकडेच होती. त्यांनी काकूंचं सगळं ऐकून घेतलं, आणि मग मागच्या फळीवरून नोंदवही काढली.

“बाई, हे काय आहे? चौऱ्याऐंशी, एकसष्ट, सदतीस. तेहतीस वर्षं. एकदा पंच्याऐंशी आलंय, तेव्हा तुमची मुलगी दवाखान्यात होती. डोळा बिघडला असता तर इथे दिसलं नसतं?”

“मला तेच कळत नाही, सर,” संशोधिका म्हणाली. “माणसाच्या हाताने इतकं सारखं येत नाही.”

“तुमच्या हाताने येत नसेल.”

“माझ्या यंत्रानेही येत नाही.”

सरांनी नोंदवही मिटली. काकूंनी आणलेला कागद त्यांनी उजेडात धरून बराच वेळ पाहिला. उताराशी त्यांचं कितीही नातं असलं तरी त्यांना आलेख वाचता येत होता.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “मंद ताऱ्यांच्या बाबतीत थोडं झालं असेल. बाहेरचे वीस गुच्छ यंत्राने पुन्हा मोजा. आतले सव्वीस बाईंचेच राहतील. त्यांना नोंदवहीची साक्ष आहे. सूची थोडी लांबेल, पण उभी राहील.”

संशोधिकेने मान हलवली. तिलाही हे पटण्यासारखं होतं. “सव्वीस वाचतात, काकू,” ती हळू म्हणाली.

काकू उभ्याच होत्या. “नोंदवही धरू नका,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“ते आकडे मला पाठ आहेत. दोनाचा पाढा असतो तसे. ऐंशी आलं की मला वाटायचं, आज आपलंच काहीतरी चुकतंय. मी रेघ खोडायचे, परत मारायचे. चौऱ्याऐंशी आलं की लिहायचे.”

मग संशोधिकेने विचारलं, “हे कधीपासून?”

“दुसऱ्या वर्षापासून असेल. तिसऱ्या. मुद्दाम नाही केलं गं. नवीन असताना मी खोडायचे तेव्हा खरंच माझा हात चुकत असायचा. मग तीच सवय लागली.”

“खोडलेले कागद?”

“दर महिन्याला रद्दीत.”

यातली मेख तिघांनाही कळली होती. आतले आकडे चुकीचे आहेत असं कुणी म्हणू शकत नव्हतं, आणि बरोबर आहेत असंही. सगळंच यंत्राने पुन्हा मोजल्याशिवाय, डोळा कोणत्या वर्षी बिघडला हे फक्त ती नोंदवही सांगू शकली असती, आणि नोंदवहीत काकूंची स्मरणशक्ती तेवढी लिहिलेली होती.

“हे आज सांगायची काही गरज होती का?” सरांनी विचारलं.

“तुम्ही साक्ष काढलीत म्हणून.”

“मी तुम्हाला विचारलं नव्हतं, बाई.”

ते खरं होतं. काकू खोलीबाहेर आल्या.

घरी नवरा गुडघे शेकत बसले होते. चाळीस वर्षं जमिनीवर बसून काम केल्याने त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, “गप्प बसली असतीस तर?”

“सव्वीस वाचले असते. नाव राहिलं असतं.”

“मग?”

“खाली जमीन ओली आहे हे माहीत असताना तुम्ही फरशी बसवाल का?”

“बसवलीय की. दोनदा,” नवरा म्हणाले. “दोन्ही घरांत माणसं सुखाने राहतायत.”

काकूंना हसू आलं नाही. “अहो, मी तिथे तेहतीस वर्षं बसले,” त्या म्हणाल्या. नवऱ्यांनी शेकायची पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर घेतली.

सूची रद्द झाली. संशोधिकेने सेहेचाळीसही गुच्छ यंत्राने मोजले. अकरा दिवस लागले. नवा उतार सरांच्या उताराच्या निम्म्याहून थोडा जास्त भरला, आणि काठाकडे, एका अंतरानंतर, तो सपाट झाला. इतर लोक वीस वर्षं हेच म्हणत होते. सरांनी लेखावर आपलं नाव घालू दिलं नाही. काकूंचं नाव कुणी सुचवलंही नाही. पद्धतीच्या परिच्छेदात एक वाक्य आलं: याआधी हाताने केलेली मोजणी इथे वापरलेली नाही. काकू जिन्यात समोर आल्या तर सर वाट देत, बोलत नसत. उपाहारगृहात मात्र गोष्ट उलटी पोहोचली. काकूंनी आकडे बनवले, अशी. तिथल्या माणसाने एकदा चहा देताना विचारलं, “काकू, खरं का?” त्या म्हणाल्या, “चहा गार झालाय.” दुसरा चहा आला. पुढे त्या चहा घरूनच आणू लागल्या.

शेवटचे चार महिने त्यांना काम असं नव्हतं. खोली रिकामी करायची होती. गुंडाळ्या खाली आणायच्या, प्रत्येकीवरचा ताऱ्याचा क्रमांक आणि तारीख एका यादीत उतरवायची, मग गुंडाळी पोत्यात. आलेख यंत्रात होतेच, त्यामुळे कागद ठेवायचं कारण नव्हतं. काकूंच्या पेन्सिलीच्या रेघा मात्र फक्त कागदावर होत्या.

निवृत्तीला आठवडा असताना संशोधिका वर आली. तिच्या हातात एक छापलेला आलेख होता. काकूंचे जुने आकडे आणि यंत्राचे आकडे तिने शेजारी शेजारी मांडले होते, वर्षागणिक. सांगितलं कुणी नव्हतं, तिने सहज म्हणून केलं होतं.

काकूंनी चष्मा न लावता पाहिलं. एक आडवी रेघ यंत्राची, तिच्यावर बिंदू काकूंचे. वीस वर्षं बिंदू रेघेवरच होते, एका ओळीत. एकविसाव्या वर्षापासून ते खाली उतरू लागले, आधी हळूहळू, मग भरभर.

“एकविसावं,” काकू म्हणाल्या. “मी अठ्ठेचाळीसची होते.”

“आतले सव्वीस त्याच्या आधी संपले होते, काकू. सगळेच्या सगळे. यंत्रापेक्षा केसभर फरक नाही.”

“म्हणजे ते बरोबर होते.”

“बरोबर होते.”

“आता वापरणार?”

“आता गरज नाही. यंत्राचे आहेत, आणि ते आहेत म्हणूनच तर तुमचे बरोबर होते हे कळलं.”

काकूंनी कागद परत दिला. “सरांना दाखवलास?”

“नाही अजून. दाखवते. त्यांना बरं वाटेल.”

“नको. त्यांना बरं वाटायचं नाही. म्हणतील, मग बाई बोलल्या कशाला.”

“काकू, कुणाला तरी कळायला हवं.”

“तुला कळलंय की.”

“हो, पण मी एकटी…”

“आणि तू काही इथे राहायची नाहीस.”

दुसऱ्या एका संस्थेचं नेमणुकीचं पत्र तिला दोन आठवड्यांपूर्वी आलं होतं आणि तिने ते अजून कुणाला सांगितलं नव्हतं. तिने आलेखाची घडी घातली. काकूंनी यादी पुढे ओढली आणि पुढच्या गुंडाळीवरचा क्रमांक वाचायला सुरुवात केली.